एक अ‍ॅडॅप्टर, दोन पेडल आणि माझं जर्नल

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने सांगितलं तेव्हा मी आधी हसले आणि मग घाबरले. माझी शाळा कॉन्व्हेंट. तिथे मराठीच्या तासालासुद्धा आम्ही 'मे आय कम इन' म्हणूनच वर्गात शिरायचो. घरी आजी मराठी पेपर मोठ्याने वाचायची, तेवढीच काय ती माझी शिदोरी. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी सांभाळून घ्याव्यात आणि त्यांच्या नजरेतून सुटलेल्या वाचकांनी! पण मला जी गोष्ट सांगायची आहे ती इंग्रजीतून लिहिली असती तर रिपोर्टसारखी झाली असती. आणि रिपोर्टमध्ये आपण खरं लिहीत नाही, हाच तर माझा मुद्दा आहे.

तर गोष्ट अशी. माझी रूम पार्टनर सिव्हिलची, गाव सांगलीकडचं. ती गिटार वाजवते, आणि खरंच चांगली वाजवते. तिच्याकडे दोन पेडल आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पेडल म्हणजे गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये जमिनीवर ठेवायची छोटी डबी. एका वायरने गिटारचा सिग्नल आत येतो, दुसरीने बाहेर जातो आणि पायाने बटण दाबलं की आवाज बदलतो.

पहिलं पेडल बूस्टर. आत एक ऑप-अ‍ॅम्प, बस. काम एकच, सिग्नल मोठा करायचा. हे पेडल १८ व्होल्टवर चालतं. १८ व्होल्टने आवाज मोठा होतो असा आमच्या हॉस्टेलमध्ये समज आहे, तो अर्धाच खरा. ४५५८ सारखा साधा ऑप-अ‍ॅम्प सप्लायच्या दोन्ही टोकांपासून साधारण दीड-दीड व्होल्ट आधीच थांबतो. म्हणजे ९ व्होल्टवर त्याला हलायला सहाएक व्होल्ट मिळतात, १८ वर पंधराएक. सिग्नल त्या भिंतीला धडकत असेल तरच फरक ऐकू येतो. तिच्या बूस्टरमध्ये तो धडकत होता.

दुसरं पेडल फझ. १९६६ साली लंडनच्या आर्बिटर कंपनीने 'फझ फेस' नावाचं एक गोल पेडल बाजारात आणलं. जिमी हेंड्रिक्समुळे ते जगभर गाजलं. त्याचं सर्किट इतकं छोटं आहे की जगभर लोक ते घरी बनवतात : दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन नॉब. पार्टनरचं फझ याच सर्किटवरचं. तिच्या आजोबांचा एक जुना ट्रान्झिस्टर रेडिओ होता. आजोबा गेल्यावर तो बंदच पडला. तिच्या मामांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्यांनी त्यातले दोन एसी १२८ काढून तिला हे पेडल बनवून दिलं. हे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर, पीएनपी जातीचे. आता नवे कोणी बनवत नाही म्हटलं तरी चालेल. ती ते पेडल कपाटात ओढणीत गुंडाळून ठेवायची, यावरून काय ते समजा.

गॅदरिंग जवळ आलं. बूस्टरला दोन बॅटऱ्या, फझला एक, अशा तीन नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या लागायच्या. त्यात या पेडलमध्ये इनपुटचा जॅक हाच बॅटरीचा स्विच असतो. वायर आत राहिली की पेडल चालू! दिवाळीच्या सुट्टीत ही बाई वायर काढायला विसरली आणि परत येईपर्यंत बॅटरी संपलेली. मग मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "थांब, मी तुला एकाच अ‍ॅडॅप्टरवर दोन्ही चालवून देते." ती म्हणाली, "तू अणुविद्युतवाली आहेस, तू म्हणशील तसं."

(आमच्या डिपार्टमेंटच्या पाटीवर 'अणुविद्युत व दूरसंचार' असं लिहिलंय. मराठी मीडियमच्या पोरांनी सांगेपर्यंत मला वाटायचं, इथे अणुबाँब शिकवतात.)

भंगारातला एक १८ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअरचा अ‍ॅडॅप्टर माझ्याकडे होता. बूस्टरला थेट १८ आणि फझला त्यातून ९ काढायचे. निम्मेच तर करायचे! पहिल्याच वर्षी शिकलेला पोटेन्शियल डिव्हायडर आठवला. १० किलोओहमचे दोन सारखे रेझिस्टर एकापुढे एक, मधल्या बिंदूला ९ व्होल्ट. मल्टिमीटर लावला, बरोबर ९. मी खूश.

फझ जोडलं आणि मीटर सहावर आला.

कारण सोपं आहे, आणि ते मला व्हायवात पाठ होतं. फझ फेस एक मिलिअँपिअरपेक्षाही कमी करंट खातं. म्हणजे ते स्वतःच साधारण १० किलोओहमच्या रेझिस्टरसारखं वागतं. ते खालच्या १० किलोओहमला समांतर लागलं की तिथे उरतात ५. मग १८ व्होल्टचे १० आणि ५ मध्ये वाटे होतात आणि फझच्या वाट्याला ६ येतात. मीटरने मला खोटं सांगितलं नव्हतं. पेडल जोडलेलं नसताना तिथे खरोखर ९ व्होल्ट होते. फक्त त्या ९ चा मला काही उपयोग नव्हता.

इथेच मी शहाणी व्हायला हवी होते. झाले नाही.

दुसऱ्या दिवशी तपकीर गल्लीत जाऊन ७८०९ आणला. तीन पायांचा रेग्युलेटर, आत १८ द्या, बाहेर ९ काढा, लोड लावा नाहीतर काढा, तो ९ सोडत नाही. शेजारी डेटाशीटमध्ये सांगितलेले दोन छोटे कपॅसिटर. हे सगळं एका पत्र्याच्या डबीत बसवलं. फझच्या बाबतीत एक गोष्ट मला माहीत होती. पीएनपी ट्रान्झिस्टर असल्यामुळे त्याचा प्लस ग्राउंडला असतो आणि मायनसवर सर्किट चालतं. नेहमीच्या पेडलच्या बरोबर उलटं. म्हणून मी त्याची वायर उलटी जोडली, प्लस त्याच्या बॉडीला आणि मायनस आत. फझवर मोजलं, ९. बूस्टरवर मोजलं, १८. खोलीत अ‍ॅम्प नव्हता, तो हॉलवर. पण आकडे बरोबर आले की झालं, नाही का?

संध्याकाळी हॉलवर रिहर्सल. गिटार फझमध्ये, फझमधून छोटी पॅच कॉर्ड बूस्टरमध्ये, बूस्टरमधून अ‍ॅम्पमध्ये. नुसता बूस्टर लावला तर आवाज येतो, पण बसका, आणि मध्येच 'धप्' असा. फझचं बटण दाबलं की सगळं शांत. दोन-तीन मिनिटांत माझी डबी इतकी तापली की हात लावता येईना. ड्रमवाला म्हणाला, "तुमचं झालं की सांगा." पार्टनर काहीच बोलली नाही. तिने वायरी गुंडाळल्या आणि आम्ही गेट बंद व्हायच्या आत हॉस्टेलवर परत आलो.

रात्री मी मीटर घेऊन बसले. पॅच कॉर्ड अर्थातच काढलेली. सप्लाय मोजला, ९ आणि १८, एकदम ठणठणीत. म्हणजे सप्लाय चांगला, बिघाड पेडलमध्ये. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून ट्रान्झिस्टर तपासला. आकडा आला ०.२ च्या आसपास. माझ्या जर्नलमध्ये ट्रान्झिस्टरचं जंक्शन म्हणजे ०.७. प्रत्येक प्रॅक्टिकलला ०.७. मी ठरवून टाकलं, हा ट्रान्झिस्टर गेला.

खात्री करायला तो बाहेर काढायचा होता. पलंगाखालून सोल्डरिंग आयर्न काढलं. (रेक्टर मॅडम, हे छापून आल्यावर तुम्ही ते घेऊन जाणार हे मला माहीत आहे. घेऊन जा, पण लेख शेवटपर्यंत वाचा.) एक पाय लवकर सुटला. दुसरा सुटेना. मी आयर्न टेकवून बसले, दहा सेकंद, वीस सेकंद, कोण मोजतंय! शेवटी सुटला. पुन्हा मीटर लावला. आता दोन्ही बाजूंनी जवळजवळ शून्य. मी पार्टनरला म्हटलं, "बघ, शॉर्ट झालाय. जुना होता गं, जायचाच." ती म्हणाली, "आजोबांचा होता ना. असू दे."

गॅदरिंगला ती नुसता बूस्टर लावून वाजवली. टाळ्याही पडल्या.

मित्र-मैत्रिणींनो, आता पुढचं ऐका. गॅदरिंगनंतर मी ती डबी घेऊन लॅबमध्ये गेले. आमच्या लॅबमधल्या काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हॉलवर जसं लावलं होतंस तसं लाव. पॅच कॉर्डसकट." त्यांनी माझा अ‍ॅडॅप्टर बाजूला ठेवला आणि बेंच सप्लाय घेतला. त्याला व्होल्टेजचा एक नॉब आणि करंट किती द्यायचा त्याचा दुसरा नॉब असतो. तो दुसरा नॉब तीन वर्षांत आम्ही कुणी फिरवलेला नाही. काकांनी १८ व्होल्ट लावले, करंट ५० मिलिअँपिअरला बांधला आणि चालू केलं. लगेच लाल दिवा लागला आणि व्होल्टेज खाली आलं. पॅच कॉर्ड उपसली, दिवा विझला, १८ परत. कॉर्ड लावली, दिवा. उपसली, गेला.

"या दोन पेडलचं ग्राउंड एकच आहे का?" काकांनी विचारलं.

"हो काका. ग्राउंड म्हणजे ग्राउंड."

ते काही बोलले नाहीत. त्यांनी पॅच कॉर्ड बाजूला ठेवली. मीटरचा काळा प्रोब बूस्टरच्या बॉडीला लावला आणि लाल प्रोब फझच्या बॉडीला. मीटरवर ९ व्होल्ट.

दोन 'ग्राउंड', आणि त्यांच्यामध्ये ९ व्होल्ट!

झालं होतं असं. बूस्टरचं ग्राउंड म्हणजे अ‍ॅडॅप्टरचा मायनस. फझचं ग्राउंड म्हणजे ७८०९ चा प्लस. दोघं आपापल्या जागी बरोबर. एकेकटं वाजवलं असतं तर दोघंही वाजले असते. पण पॅच कॉर्डमध्ये दोन तारा असतात, आतली सिग्नलची आणि बाहेरची जाळीची. ती जाळी एका पेडलचं ग्राउंड दुसऱ्याच्या ग्राउंडला जोडते. म्हणजे मी साध्या पॅच कॉर्डने ७८०९ चा प्लस आणि मायनस एकमेकांना जोडून टाकला होता. १८ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर धरला तरी त्या बिचाऱ्या तीन पायांवर ९ वॅट उष्णता! तापला की तो स्वतःला बंद करून घ्यायचा, निवला की पुन्हा चालू व्हायचा. बूस्टरमधला 'धप्' तोच.

आणि रात्री खोलीत मी मोजत होते ते पॅच कॉर्ड काढून. डिव्हायडरच्या वेळची चूक जशीच्या तशी. रीडिंग खरं, पण ज्या अवस्थेत बिघाड होतो ती अवस्थाच मी आधी मोडून ठेवली होती.

राहिला ट्रान्झिस्टर. जर्मेनियमचं जंक्शन ०.२ - ०.३ च्या घरातच असतं. ०.७ सिलिकॉनचं. हे मी पहिल्या वर्षी वाचलंय, परीक्षेत लिहिलंय, त्याला मार्कही मिळालेत. आणि जर्मेनियम उष्णतेला फार हळवं. सोल्डर करताना किंवा काढताना त्याच्या पायाला पक्कड नाहीतर क्रोकोडाइल क्लिप लावायची असते, म्हणजे उष्णता वर चढत नाही. तो ट्रान्झिस्टर पूर्णपणे चांगला होता. शॉर्टमुळे फझला व्होल्टेज मिळालंच नव्हतं, तर तो जळणार कसा? मीटरने ०.२ दाखवलं, ते अगदी बरोबर दाखवलं. माझ्या जर्नलशी जुळलं नाही म्हणून मी तो काढला आणि काढताना मीच मारला.

अजून एक. एका नव्या बॅटरीवर फझ वाजवून पाहिलं असतं तर सगळं तिथेच कळलं असतं. त्या रात्री हॉस्टेलमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी कुठून आणणार, असं मी म्हणत होते. ती माझ्या हातात होती. मल्टिमीटरच्या पोटात.

आता बरोबर सर्किट कसं, ते सांगते, कारण गिटारवाल्यांना त्याचाच उपयोग. ग्राउंड दोघांचं एकच ठेवायचं, अ‍ॅडॅप्टरचा मायनस. त्याच्या तुलनेत बूस्टरला अधिक १८ द्यायचे आणि फझला उणे ९. उणे ९ आणायचे कुठून? ७६६०एस नावाचा आठ पायांचा आयसी मिळतो. तो एक कपॅसिटर ९ व्होल्टला भरतो, मग आतल्या स्विचांनी त्याला उचलून उलटा करतो. त्याचा प्लस ग्राउंडला टेकवला की मायनसचं टोक ग्राउंडच्या खाली ९ व्होल्टवर जातं. तिथून दुसऱ्या कपॅसिटरमध्ये ओतायचं आणि परत भरायला जायचं. बादलीने पाणी वाहिल्यासारखंच, फक्त सेकंदाला हजारो खेपा. फझला एक मिलिअँपिअरही लागत नाही, त्यामुळे हे त्याला सहज पुरतं.

यात तीन खाचखळगे आहेत. एक, ७६६०एस १२ व्होल्टपर्यंतच सहन करतो, म्हणून १८ थेट त्याला द्यायचे नाहीत. आधी ७८०९, मग हा. दोन, त्याच्या खेपा साधारण १० किलोहर्ट्झने चालतात आणि आपल्या कानाला २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, त्यामुळे अ‍ॅम्पमधून बारीक शिट्टी येते. पहिला पाय प्लसला जोडला की वेग ३५ किलोहर्ट्झच्या आसपास जातो आणि शिट्टी ऐकण्यापलीकडे. तीन, बूस्टरमध्ये सप्लायवर बसवलेला कपॅसिटर बघा. माझ्यावर १६ व्होल्ट छापलेलं होतं आणि मी त्याला १८ देत होते. काकांनी तो बदलून २५ चा लावायला लावला.

आणि हे काहीच जमणार नसेल तर फझला बॅटरी लावा. गंमत नाही. बॅटरीचा कुठलाच पाय कुणाच्या ग्राउंडला बांधलेला नसतो, म्हणून ती सगळ्यांशी पटवून घेते. बाजारात एकमेकांपासून पूर्ण वेगळे आउटपुट असलेले महागडे सप्लाय मिळतात, ते तरी वेगळं काय करतात? फक्त वाजवून झालं की वायर काढून ठेवा.

आता माझं मत. इथपर्यंत वाचलंत तर तेवढा माझा हक्क आहे.

'या बिंदूला ९ व्होल्ट आहेत' हे वाक्य आपण तीन वर्षं बोलतो आणि ते अपुरं आहे. व्होल्टेज नेहमी दोन बिंदूंमध्ये असतं. ग्राउंड ही निसर्गाने दिलेली जागा नाही, तो आपण घेतलेला निर्णय आहे. आमच्याच शाखेतलं उदाहरण घ्या. टेलिफोन एक्स्चेंज उणे ४८ व्होल्टवर चालतं, प्लस जमिनीला जोडलेला, तारा गंजू नयेत म्हणून. परीक्षेत मी 'उणे ४८' लिहिलं होतं. कशाच्या तुलनेत उणे, हा प्रश्न मला पडला नव्हता. का पडला नाही? कारण ट्रेनर किटवर काळी वायर कुठे लावायची ते छापलेलं असतं, आणि रीडिंग काय येणार ते सीनियरच्या जर्नलमध्ये लिहिलेलं असतं.

इथे मी स्वतःचं नाव पुढे करते. आमच्या बॅचचं 'मास्टर जर्नल' माझं होतं. कॉन्व्हेंटच्या अक्षराचा हा एक फायदा. मी सीनियरकडून उतरवायचे, बाकीचे माझ्याकडून. त्या जर्नलमधलं ०.७ मी एकदाही मोजलेलं नाही. तरी ते माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की खरा मीटर समोर ०.२ म्हणत असताना मी मीटरवर नाही, जर्नलवर विश्वास ठेवला.

सरांची अडचण मला समजते. बॅच मोठी, वेळ दोन तास, किट मोजकेच, वर्षअखेर तपासणी. रीडिंग जुळलं नाही तर 'रिपीट' म्हणावं लागतं आणि रिपीट करायला वेळ कुणाला आहे? विद्यार्थी मग जुळलेलं रीडिंगच आणतात. दोघांचीही सोय होते. म्हणूनच कुणी तक्रार करत नाही.

पण एवढं तर करता येईल : प्रत्येक जर्नलमध्ये एक पान ठेवू या, 'जुळलं नाही' या नावाचं. टर्ममध्ये निदान एका प्रयोगात काय आलं पाहिजे होतं, काय आलं, मोजताना काय काय जोडलेलं होतं, काळा प्रोब कुठे होता आणि तुम्हाला काय वाटतं, एवढं लिहायचं. त्या पानाला मार्क द्यायचे, कारण मार्क नसतील तर आपण ते पानसुद्धा सीनियरकडून उतरवू! नाव खोटं सांगत नाही, मी तरी उतरवलं असतं.

दुसरी विनंती रेक्टर मॅडम आणि डिपार्टमेंट, दोघांना मिळून. लॅब संध्याकाळी पाचला बंद होते. म्हणून आम्ही पलंगाखाली आयर्न लपवतो, जे खरंच धोक्याचं आहे, आणि करंटचा नॉब नसलेले भंगारातले अ‍ॅडॅप्टर वापरतो, जे त्याहून धोक्याचं. एक टेबल, एक बेंच सप्लाय, आठवड्यातून दोन संध्याकाळी आठपर्यंत. आणि मुलींचं गेट त्या दोन दिवशी त्या हिशोबाने. त्या बदल्यात खोल्यांमधली सगळी आयर्न आम्ही स्वतः आणून देऊ. निदान मी माझं देईन.

आता शेवटचं. पेडल पुन्हा चालू झालंय. आम्ही दोघी एका रविवारी जुन्या बाजारात गेलो आणि एक मेलेला रेडिओ घेऊन आलो. त्यात एसी १२८ निघाला. या वेळी पायाला क्लिप लावून बसवला. आवाज जवळजवळ तोच आहे. आता त्यात एक ट्रान्झिस्टर तिच्या आजोबांचा आणि एक कुणाचा तरी.

पण ग्राउंडची चूक मी तिला त्याच दिवशी सांगितली होती, ट्रान्झिस्टरची नाही. 'जुना होता' हेच वाक्य मी चालू ठेवलं. ते सोयीचं होतं, जुळणारं होतं, आणि तिने तपासलंही नसतं. ती सिव्हिलची. जर्नलमध्ये करत होते तेच मी खोलीत केलं.

म्हणून हा लेख संपादकांना देण्याआधी तिला वाचायला दिला. ती मराठी मीडियमची, त्यामुळे वाचता वाचता तिने लाल पेनने वेलांट्या सुधारल्या. ट्रान्झिस्टरच्या परिच्छेदाशी आली तेव्हा पेन थांबलं. मग पुढचं सगळं वाचून तिने कागद परत दिला आणि म्हणाली, "ट्रान्झिस्टरचं जाऊ दे. त्याच रात्री का नाही सांगितलंस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. पण मी ते इथे लिहून ठेवते आहे, जसं आलं तसं. हे माझं 'जुळलं नाही'चं पहिलं पान समजा.

– तृतीय वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार